गेजवर अठरा फूट

"बंद करा साहेब! बंद करा म्हणतो ना! एकोणीसवर आलं, एकोणीसवर!"

भिकाजी सरकटे तलावाच्या भिंतीवरून ओरडत पळत येत होता. डोक्याचा दुपट्टा सुटून पाठीवर लोंबत होता. पन्नाशीचा माणूस, पण त्या दिवशी असा पळाला की एसटी मागं पडली असती. मी गेटच्या कट्ट्यावर उभा होतो आणि माझे दोन्ही हात चाकावर होते. चाक मी बंद करत नव्हतो. आणखी उघडत होतो.

गेट म्हणजे काय ते आधी सांगतो. तलावाच्या भिंतीला लागून विहिरीसारखं बांधकाम असतं. तळाशी लोखंडी झडप, वर कट्ट्यावर चाक. चाक फिरवलं की झडप उचलते आणि तलावाचं पाणी कालव्यात जातं. चाक फिरवणं हे चौकीदाराचं काम. ओव्हरसियरनं त्याला हात लावायचा नसतो, नुसतं "फिरव" म्हणायचं असतं. पण तीन दिवसांपूर्वी चौकीदार भिकाजीनं हात मागं घेतले होते.

"माह्या हातानं नाही होत साहेब. तुमी करा."

म्हणून मी करत होतो. मागं भिंतीवर मोठ्या साहेबांची जीप उभी होती आणि जीपमधून साहेब पाहत होते.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, तालुका होता. मी इरिगेशनमध्ये ओव्हरसियर होतो आणि रिठदच्या पुढचा एक तलाव माझ्याकडं होता. दुष्काळी कामावर बांधलेला. भिकाजीनं त्या भिंतीवर माती वाहिली होती. त्याच्या बायकोनं, कौसल्याबाईनं, खडी फोडली होती. तलाव पहिल्यांदा भरला तेव्हा खात्यानं भिकाजीला चौकीदार म्हणून ठेवून घेतलं. कुठल्याही गोष्टीचं माप सांगताना मी थोडं वाढवून सांगतो, ही माझी जुनी खोड. तरी या तलावाचं खरं सांगतो. वारा सुटला की त्याच्या लाटांचा आवाज वाशीमच्या स्टेशनावर ऐकू यायचा आणि गार्ड शिटी वाजवायचं विसरायचा.

काठापासून दगड फेकावा इतक्या अंतरावर एक वाळूचं बेट होतं. नाला पूर्वी तिथं वळायचा, त्यानं टाकलेली वाळू. बेट आणि काठ यांच्यामध्ये पाण्याची पट्टी. बेट बेट राहील की नाही, ते गेजवर ठरायचं. गेज म्हणजे फुटांच्या खुणा रंगवून पाण्यात उभा केलेला खांब. बावीसवर पाणी असलं की त्या पट्टीत माणूस छातीपर्यंत बुडायचा. अठरावर आलं की पट्टी कोरडी, आणि बेट म्हणजे काठाचीच बाहेर आलेली जीभ.

फेब्रुवारी संपता संपता त्या बेटावर पक्षी यायचे. राखाडी-पांढरे, डोक्यावर काळी टोपी, चोच हळदीसारखी, शेपटी कात्रीसारखी. त्यांना नदी सुरय म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. भिकाजी त्यांना पाहुणे म्हणायचा. वाळूत वाटीएवढा खळगा करायचे आणि त्यात दोन-तीन अंडी घालायचे. अंड्यांचा रंग वाळूचाच. काडी नाही, कापूस नाही. आमच्याकडच्या एप्रिलात उघड्या वाळूवर अंडं ठेवलं तर ते शिजतं. म्हणून आईबाप आळीपाळीनं अंड्यांवर बसतात ते ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. मधेच पाण्यावर जातात, पोट भिजवतात, आणि ओल्या पोटानं परत येऊन बसतात. हे मी वाढवून सांगत नाही. भिकाजीनं मला भिंतीवर दुपारभर बसवून दाखवलं होतं. "पाहा साहेब, घामोळं झालेल्या लेकरावर ओला फडका टाकते ना माय, तसं करून राह्यले."

तेव्हापासून आम्हा दोघांचं एक काम होतं, जे कुठल्या रजिस्टरात नव्हतं. मे अर्धा होईपर्यंत गेज वीसच्या खाली जाऊ द्यायचा नाही. पिल्लं उडाली की मग पाणी सोडायचं. गावाची हरकत नसायची, कारण जनावरांसाठी पाणी लागायचं ते मेच्या अखेरीलाच. चार उन्हाळे असं चाललं. भिकाजी रोज सकाळी गेज वाचायचा आणि बेटावरचे खळगे लांबूनच मोजायचा. त्या वर्षी त्र्याहत्तर होते. त्यानं कोळशानं चौकीच्या भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

त्याच वर्षी आमच्याकडं नवे एक्झिक्युटिव्ह इंजिनियर आले. समुद्रकाठचा माणूस, बदली वाशीमला. माणूस वाईट नव्हता. फाइलवर सही करता करता कोपऱ्यात नारळाचं झाड काढायचा, एवढंच. मार्चमध्ये तलाव पाहायला आले आणि काठावरची वाळू पाहून उभेच राहिले. बूट काढले. मोजे काढले. वाळूत पाय खुपसून म्हणाले, "अहो, हा तर बीच आहे!"

महिन्याभरात कागद तयार झाला. वऱ्हाडातली पहिली चौपाटी. काठावर रंगीत छत्र्या, कपडे बदलायला बांबूच्या तट्ट्यांच्या खोल्या, आठ नारळाची रोपं. रिकाम्या ड्रमांचा तराफा, त्यावरून लोकांना बेटावर न्यायचं, आणि बेटावर चहा. उद्घाटनाला मुंबईहून कोणी बडे येणार होते, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. अंडी फुटायची तीच वेळ.

साहेब जागा आखायला पुन्हा आले आणि पुन्हा वाळूत पाय खुपसून उभे राहिले, तेव्हा मी आधी खरं सांगितलं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतरचं ऐकून कोणी विश्वास ठेवणार नाही.

"साहेब, बेटावर पक्ष्यांची अंडी आहेत."

"मग?"

"माणसं गेली की पक्षी उठतात. पक्षी उठले की अंडी उन्हानं मरतात."

"अहो, पक्षी दुसरीकडे घालतील अंडी. एवढा मोठा देश आहे."

संपलं. खरं पडलं, एका वाक्यात पडलं. मग मी माझ्या कसबाकडं वळलो.

"आणि साहेब, पाण्यात मगर आहे."

साहेबांचे पाय वाळूतून आपोआप बाहेर आले. "मगर?"

"बारा फूट." साहेबांचा चेहरा पाहिला आणि वाटलं, बारा कमी पडतात. "शेपटी सोडून बारा. शेपटीसकट अठरा. मागच्या पोळ्याला भिकाजीची बकरी नेली. दावं नेलं, खुंटा नेला. खुंटा दुसऱ्या दिवशी वर आला, त्यावर दातांच्या खुणा. करवत झक मारेल अशा."

साहेब भिकाजीकडं वळले. "खरं का रे?"

भिकाजी माझ्याकडं पाहत राहिला. या माणसानं चार वर्षांत गेज अर्ध्या इंचानं खोटा लिहिला नव्हता. एकदा मीच म्हणालो होतो, लिही रे अंदाजानं, तर पुरात गळ्याइतक्या पाण्यातून खांबापर्यंत जाऊन वाचून आला होता. त्यानं मान खाली घातली.

"हाय म्हणते साहेब लोक," तो म्हणाला.

जीप गेल्यावर तो माझ्यावर उखडला. "हे काय केलं तुमी? या पाण्यात बेडकाहून मोठं जनावर नाही. अन् माह्याजवळ बकरी कधी व्हती?"

"पाहुणे वाचले का नाही?"

"वाचले," तो म्हणाला. "पण मले बोलाले लावलं तुमी."

साहेबांनी लेखी रिपोर्ट मागितला. मी दिला, आणि आता लाज वाटते, पण देताना मजा आली. आमच्या खात्यात रिपोर्ट म्हणजे 'विषय', 'संदर्भ' आणि झोप. मी त्यात मगरीच्या पाठीवर शेवाळ उगवलं, शेवाळावर बगळा बसवला. खाली माझी सही आणि भिकाजीचा अंगठा. तराफ्याचं काम थांबलं. मी वाशीमच्या बाजारात दोन दिवस छाती काढून फिरलो.

मगर मात्र थांबली नाही. आठवड्यात रिठदमध्ये मगर न पाहिलेला माणूस सापडेना. नारायणराव म्हणून एक मोठे शेतकरी होते, त्यांच्या म्हशीची शेपटी लहानपणापासून अर्धी. ती मगरीनं तोडली, असा त्यांनी जबाब दिला. इंझोरीहून एक जण खास एसटीनं आला आणि तिकडच्या नाल्यात हिची बहीण आहे असं सांगून, जेवून गेला. मी मनात म्हणालो, बाप्पा, या लोकांपुढं आपण काहीच नाही.

मग ऑर्डर आली. तलाव डेड स्टोरेजपर्यंत उतरवा. डेड स्टोरेज म्हणजे झडपेच्या तोंडाखाली उरणारं पाणी, जे कालव्यात जातच नाही. साहेबांनी सरळ हिशोब केला होता. पाणी काढलं की मगर उघडी पडेल, बंदूकवाला बोलवू, मारू, आणि पावसाळ्यात तलाव भरला की पुढच्या वर्षी चौपाटी. बेट कोरडं पडेल याची कोणाला फिकीर नव्हती. रविवारपर्यंत पाणी उतरायला हवं होतं.

मी त्याच दिवशी वाशीमला ऑफिसात गेलो. दार लोटलं आणि उभ्या उभ्या म्हणालो, "साहेब, मगर नाही."

"सापडेल."

"सापडणार नाही. नाहीच आहे. मी थाप मारली."

साहेबांनी फाइल पुढं ओढली. फाइल चांगली गलेलठ्ठ झाली होती. "हे नारायणराव. 'मी स्वतः पाहिली, डोळे कंदिलाएवढे.' हे सरपंच. हे अजून तिघे. हे सगळे थापा मारतायत?"

"हो साहेब."

"आणि हा तुमचा रिपोर्ट. बगळ्यासकट."

"ती सगळ्यात मोठी."

साहेब हसले नाहीत. "गावकऱ्यांनी पाठवलंय का तुम्हाला, पाणी वाचवायला?"

"नाही साहेब. पक्ष्यांसाठी..."

"ठीक आहे." त्यांनी कोरा कागद माझ्यासमोर सरकवला आणि स्वतःचं पेन उघडून वर ठेवलं. "लिहून द्या. मी खोटा रिपोर्ट दिला. एवढं एकच वाक्य. मी आत्ता ऑर्डर रद्द करतो. तुम्हाला सस्पेंड करावं लागेल, आणि चौकीदाराचा अंगठा आहे म्हणजे त्यालाही. ते नियमानं होईल."

मी पेन उचललं. 'मी' लिहिलं. पुढं हात चालेना. दोन पोरी शाळेत, वडील अंथरुणाला खिळलेले, घर माझ्या एकट्याच्या पगारावर. ही कारणं खरी होती. पण ती सगळी मला त्या टेबलाशी एकदम आठवली, एरवी आठवत नसत. भिकाजीची नोकरी जाईल हे कारण मी त्यांच्या सगळ्यांच्या वर ठेवलं, कारण ते दिसायला चांगलं होतं. भिकाजीला मी विचारलं नव्हतं. जन्मभर गाडाभर वाक्यं बनवली असतील मी. ते एक खरं वाक्य काही झालं नाही.

"उद्या देतो साहेब," म्हणालो, आणि कागदाची घडी खिशात घातली.

तलावावर भिकाजी वाट पाहत होता. "सांगतलं का त्याइले, मगर नाही म्हणून?"

"सांगितलं. ऐकत नाहीत."

त्यात खोटं काहीच नव्हतं. अर्धंच होतं, एवढंच. त्या कागदाबद्दल मी त्याला सांगितलं नाही.

म्हणून मग ते चाक, आणि भिकाजीची ती ओरड. चार दिवस पाणी कालव्यातून नाल्यात आणि नाल्यातून पुढं गेलं, कोणाच्या कामाचं नाही. शनिवारी सकाळी गेज अठरावर आला. पट्टीत चिखल उरला. भिकाजी आणि कौसल्याबाई काठ्या घेऊन त्या चिखलात उभे राहिले. दिवसभरात त्यांनी कुत्री हाणली, एक कोल्हा हाणला. बेटावर तेव्हा पिल्लं फुटली होती, निम्म्याहून जास्त. सुपारीएवढी, वाळूच्याच रंगाची, उडता न येणारी. कौसल्याबाई म्हणाल्या, "दोन दिस राखलं की चिखल वाळते अन् लोकाइचं ध्यान जाते दुसरीकडे. मग राखता येते."

त्यांचा हिशोब कुत्र्यांचा होता. रविवारचा हिशोब आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हता.

रविवारी माणसं आली. अठरा फुटी मगर उघडी पडणार म्हटल्यावर कोण घरी बसतं? सकाळी आठपासून बैलगाड्या लागल्या. रिठदची, आजूबाजूच्या वाड्यांची, वाशीमहून सायकलींवर, एक ट्रक भरून. फुटाणेवाला आला, बर्फाचे गोळे आले. हजार माणूस असेल. मी पाच हजार सांगत असतो, पण आज हजारच लिहितो. उरलेलं पाणी तलावाच्या मधोमध गोळा झालेलं, आणि ते सगळ्यात जवळून कुठून दिसतं? बेटावरून.

भिकाजी चिखलात हात पसरून उभा राहिला. "नका जाऊ बाप्पा! पाया पडतो, लेकरं हायेत तिथं!"

"कोणाची लेकरं बे? मगरीची?" कोणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले.

"खाली पाहा! पायाखाली पाहा!"

कोणी पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे पाण्यावर. आणि सुरयाच्या पिल्लाची रीत अशी की धोका दिसला तर ते पळत नाही. वाळूला पोट लावून गप्प पडतं. घार फसते त्याला, कोल्हाही फसतो. माणसंही फसलीच. त्यांना काही दिसलं नाही, आणि ती चालत राहिली. वर सगळे पाहुणे उठून किंचाळत होते, लोकांच्या डोक्यांवर सूर मारत होते. एक जण कौतुकानं म्हणाला, "पाहा ना, पाखराइले बी मगरीचा वास आला."

मी कुठं होतो? मी भिंतीवर होतो. साहेबांच्या डोक्यावर छत्री धरून.

अकराला साहेबांच्या ओळखीचा बंदूकवाला आला. चिखलात काळं काहीतरी दिसत होतं. त्यानं दोन बार टाकले. ते बुडीत गेलेल्या बाभळीचं खोड निघालं. लोक दुपारपर्यंत वाट पाहून कंटाळले आणि गेले. फुटाण्याच्या पुड्यांचे कागद वाळूवर उडत राहिले. पाहुण्यांना परत खाली बसायला जागा मिळाली तेव्हा दोन वाजले होते. एप्रिलचे दोन. खाली सावली द्यावी असं फार थोडं उरलं होतं.

कौसल्याबाईनं टोपलीत ओला फडका टाकून जिवंत पिल्लं गोळा केली. अकरा सापडली. भिकाजीनं चिखलातून बोटाएवढे मासे धरून आणले, कुसकरून चोचीशी धरले. पिल्लं चोच उघडायची नाहीत. सोमवारी सात होती. मंगळवारी दोन. बुधवारी टोपली चौकीच्या दाराबाहेर पालथी घातलेली दिसली आणि मी विचारलं नाही. चौकीच्या भिंतीवरचा त्र्याहत्तरचा आकडा भिकाजीनं पुसला नाही. तो पावसाळ्यात ओल येऊन आपोआप गेला.

रिपोर्ट मलाच लिहायचा होता. लिहिला. 'तलाव डेड स्टोरेजपर्यंत उतरवून शोध घेतला. मगर आढळली नाही.' आयुष्यात पहिल्यांदा मगरीबद्दल खरं लिहिलं. साहेबांनी त्याखाली शेरा मारला, 'चिखलात खोल गेली असावी. धोका कायम.' चौपाटी रद्द झाली. काठावर लोखंडी बोर्ड लागला, लाल अक्षरांत, 'सावधान. पाण्यात मगर आहे. काठावर जाण्यास मनाई.' नारळाची रोपं जीपमधून दुसऱ्या रेस्ट हाउसला गेली. साहेबांची पुढं बदली झाली, समुद्राकडंच झाली असं ऐकलं.

म्हणजे पाहा, मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. काठावर माणूस फिरकेना. पोहणारे नाहीत, तराफा नाही, बेटावर चहा नाही. मगरीनं आपलं काम चोख केलं. खात्यात तीस वर्षं काढून मी एवढंच शिकलो की खोटं फाइलला लावायला एक सही पुरते, पण काढून घ्यायलाही एकच लागते, आणि ती स्वतःची असते. तो कोरा कागद, त्यावर नुसता 'मी', अजून माझ्या पेटीत आहे.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. तलाव भरला. मार्चमध्ये मी गेलो तेव्हा गेजवर साडेबावीस होतं. बेट बेट होतं, वाळू स्वच्छ, चहूकडं पाणी. काठावर तो लाल बोर्ड. भिकाजी कट्ट्यावर बसून गेटच्या चाकाला ग्रीस लावत होता.

"भिकाजी, पाहुणे आले का रे?"

"आले व्हते. दोन दिस वरून फिरले. गेले."

"काहून गेले असतील?"

तो ग्रीस लावत राहिला.

"मले काय मालूम साहेब," तो म्हणाला. "तुमीच सांगा. तुमाले सांगता येते."